एका धातूची उणीव, दुसऱ्या धातूची जोड: नाशिकमधील शालेय प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै २०२५

नववीच्या विज्ञान मंडळाने यंदा ‘धातू, संमिश्रे आणि त्यांचे रोजचे उपयोग’ हा विषय घेतला असून मार्गदर्शक शिक्षिका म्हणून या नोंदी मी ठेवणार आहे. विषय जुना आहे आणि त्यावरचा तक्ताही ठरून गेलेला आहे: डावीकडे धातू, मध्ये गुणधर्म, उजवीकडे उपयोग. तांबे उष्णतेचे सुवाहक, म्हणून भांडी. ॲल्युमिनिअम हलके, म्हणून विमाने. या तक्त्यात चुकीचे काही नाही, पण त्यातून एकाही ‘का’चे उत्तर मिळत नाही. सुवाहकता हाच निकष असेल, तर तांब्याच्या जेमतेम पंचविसाव्या हिश्श्याइतकी उष्णता वाहून नेणाऱ्या स्टेनलेस स्टीलने आपले सगळे स्वयंपाकघर कसे काय व्यापले? चांदी तर तांब्याहूनही सरस वाहक आहे.

म्हणून प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे, असे आज ठरले. ही वस्तू या धातूची कोणत्या गुणासाठी केली, हा पहिला. आणि त्या गुणाबरोबर जो दोष आपसूक आला, त्याचा बंदोबस्त करणाऱ्याने कसा केला, हा दुसरा. माझा अंदाज असा की, बहुतेक ठिकाणी तो बंदोबस्त दुसऱ्याच एखाद्या धातूने केलेला आढळेल. कधी मिसळून, कधी वर लेप देऊन, तर कधी नुसता शेजारी बसवून.

९ जुलै २०२५

मुलांनी घरून आणलेल्या वस्तूंची ओळख पटवण्याचे काम सुरू केले. रंगावरून फसगत होते, म्हणून घनतेचा आधार घेतला. मोजपात्रातील पाण्याची चढ वाचण्यापेक्षा अचूक असा एक सोपा मार्ग आहे. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याला बांधून, तळाला किंवा कडेला टेकू न देता, पाण्यात पूर्ण बुडवायची. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान. तांब्या-लोट्यासारख्या भांड्यात हवा अडकते, तेवढी आधी तिरपे करून काढावी लागते.

एका जुन्या लोट्याचे वजन ६४१ ग्रॅम भरले आणि पाण्यात तो धरल्यावर काट्याने ७५ ग्रॅम दाखवले. घनता ८.५५ आली, म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेशी ती चांगली जुळते. शुद्ध तांब्याची घनता ८.९६ असल्याने लोटा तांब्याचा नाही, हे नक्की. त्यानंतर २१२ ग्रॅमची एक काशाची वाटी घेतली, तेव्हा काट्याने २४ ग्रॅम दाखवले. भागाकार ८.८३ येतो, पण काटा एका ग्रॅमपेक्षा बारीक मोजत नसल्यामुळे खरा आकडा ८.६५ ते ९.०२ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि या टापूत कांसेही येते आणि तांबेही. लहान वस्तूसाठी ही पद्धत तोकडी पडते, एवढी नोंद पुरे. वाटी काशाची आहे हे तिच्या नादावरूनच ठरले. बोटांवर तोलून पेन्सिलीने टिचकी मारली की ती बराच वेळ वाजत राहते. लोट्याचा आवाज मात्र लगेच विरतो.

१३ जुलै २०२५

आज भांडी बाजाराजवळ कल्हई करताना पाहायला मिळाली. हे काम आता शोधावे लागते. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. आंबट पदार्थातील आम्लामुळे तांबे विरघळते, त्याचे हिरवट क्षार होतात आणि ते पोटात जाणे चांगले नाही. म्हणजे उत्तम वाहकाची ही उणीव. तिच्यावरची जोड कथलाची.

कल्हईवाल्या काकांनी पातेले चिंच आणि वाळूने घासून भट्टीवर धरले, भाता चालवला आणि भांडे पुरते तापल्यावर आत चिमूटभर नवसागर टाकून कापसाने फिरवला. पांढरा धूर उठला. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड होते आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा काळपट थर निघून जातो. हे झाल्याशिवाय कथील चिकटतच नाही, त्याचे मणी होऊन ते घरंगळत राहते. मग कथलाची काडी नुसती टेकवली. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे १०८५ अंशांना. या मोठ्या फरकामुळेच भांड्याच्या आकाराला धक्का न लावता आतून दुसऱ्या धातूचे अस्तर देता येते. कापसाचा बोळा फिरला तशी तांबूस भिंत चांदीसारखी होत गेली. सगळा खेळ काही सेकंदांचा आहे. हात रेंगाळला तर कथील जळते आणि घाई केली तर थर जाडा-पातळ बसतो.

काडीत शिशाची भेसळ असली तर काय, असे एका मुलीने विचारले. “बाई, काडी कानाजवळ वाकवून बघा,” काका म्हणाले. वाकवली तेव्हा खरोखरच कर्र असा बारीक आवाज आला. कथलाच्या स्फटिकांची रचना वाकताना एकदम पलटते, त्याचा हा आवाज. शिसे भरपूर मिसळले की तो ऐकू येत नाही आणि काडी कागदावर घासल्यास करडी रेघ उमटते. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, थोडे शिसे तिच्यातून निसटेलही. पण गिऱ्हाईकाला उभ्या उभ्या एवढे तरी करता येते.

१४ जुलै २०२५

गंजाचा प्रयोग मांडला. पाच काचेच्या ग्लासांत मिठाचे सारखेच पाणी घेतले. पहिल्यात साधा लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला खिळा, तिसऱ्यात जुन्या सेलच्या जस्ताच्या कवचाची पट्टी बांधलेला खिळा, चौथ्यात ओरखडा काढलेला जस्तलेपित पत्रा आणि पाचव्यात तसाच ओरखडा काढलेला, कथलाचा मुलामा असलेल्या डब्याचा तुकडा.

२० जुलै २०२५

‘चुंबक चिकटला तर स्टील नकली’ हा समज इतका पक्का आहे की, काही पालकांनी मुलांच्या हाती चुंबकच देऊन पाठवले. त्याचा आज निकाल लावला. एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला घट्ट चिकटतात आणि ती तर स्टेनलेस स्टीलचीच आहेत: सुमारे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमिअम. स्टील गंजू न देण्याचे काम क्रोमिअमचे आहे. ते साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे तो पुन्हा धरतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये असे पोलाद ओतले, ते बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या शोधात.

चुंबकत्व जाते ते निकेलमुळे. १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल असलेल्या, म्हणजे ३०४ क्रमांकाच्या, स्टीलमध्ये लोखंडाच्या अणूंची मांडणीच निराळी होते. ते चुंबकाला दाद देत नाही आणि खोल ओढून त्याची पातेली करता येतात. निकेल महाग, म्हणून काही प्रकारांत त्याच्या जागी बरेचसे मँगेनीज घालतात. ते स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, पण खारट-आंबटाला ३०४ इतके टिकत नाही. म्हणजे ज्या बाबतीत गिऱ्हाईकाला सावध व्हायचे असते, नेमक्या त्याच बाबतीत चुंबक मुका आहे. त्यातच आणखी एक गंमत हाती लागली. ३०४चा शिक्का असलेल्या वाटीच्या तळाला चुंबक चिकटला नाही, पण काठाला किंचित ओढला गेला. काठ वळवताना धातूवर पडलेल्या ताणामुळे तेथील थोडी रचना पुन्हा चुंबकीय बनते, याचा हा पुरावा.

२७ जुलै २०२५

उष्णतावहनाचा नेहमीचा प्रयोग केला: सारख्या लांबीरुंदीच्या पट्ट्या, त्यांवर मेणाने चिकटवलेल्या टाचण्या आणि एका टोकाला ज्योत. टाचण्या पडण्याचा क्रम तांबे, ॲल्युमिनिअम, पितळ, लोखंड आणि शेवटी स्टेनलेस स्टील असा आला. स्टीलच्या दूरच्या टोकाची टाचणी तर मेणबत्ती विझेपर्यंत जागची हलली नाही. मात्र ॲल्युमिनिअम तांब्याच्या इतके मागोमाग कसे, हा प्रश्न मुलांनी बरोबर पकडला, कारण पुस्तकात तांब्याची वाहकता सुमारे ४०० आणि ॲल्युमिनिअमची सुमारे २३७ दिलेली आहे. टाचणी केव्हा पडते हे केवळ वाहकतेवर ठरत नाही, वाटेतला धातू तापायला किती उष्णता खातो यावरही ठरते. आणि तेवढ्याच आकारमानाचे ॲल्युमिनिअम तांब्याहून कमी उष्णता खाते.

याच प्रयोगामुळे दुधाच्या पातेल्याची चर्चा रंगली. पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वरचा भाग रसरसतो, पण उष्णता बाजूला पसरत नाही आणि दूध बुडाला लागते. त्यावर उपाय म्हणून स्टीलच्या बुडाखाली ॲल्युमिनिअमची जाड चकती बसवतात आणि तीही पुन्हा स्टीलने झाकतात. आंबटाला तोंड द्यायला आत ३०४, उष्णता पसरवायला मध्ये ॲल्युमिनिअम आणि इंडक्शनच्या शेगडीने दाद द्यावी म्हणून बाहेर चुंबकीय स्टील, अशी ती तिहेरी रचना असते. दुकानातील ‘कॉपर बॉटम’ भांड्यांवर मात्र माझा विश्वास नाही. तळाला तांब्याचा निव्वळ मुलामा असेल, तर उष्णतेला आडवे पसरायला त्यात जाडीच नसते. तो शोभेला आहे आणि घासताना डोक्याला ताप.

नुसते ॲल्युमिनिअम का नको, याचे उत्तर त्याच्या रसायनात आहे. त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा साध्या पाण्याला पुरून उरतो, पण आम्ल आणि अल्कली या दोन्हींत विरघळतो. चिंचेच्या सारानेही भांडे झिजते आणि धुण्याच्या सोड्यानेही.

३ ऑगस्ट २०२५

पंचवटीत नारोशंकराच्या मंदिराची घंटा पाहून आलो. ती वसईच्या १७३९ च्या विजयानंतर नाशिकला आलेली पोर्तुगीज घंटा म्हणून प्रसिद्ध आहे आणि गोदावरीचा पूर कुठवर चढला हे सांगताना दुतोंड्या मारुतीबरोबर तिचेही नाव निघते. घंटेसाठी सर्वसाधारणपणे वापरले जाणारे कांसे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. दोन्ही धातू एकेकटे मऊ आहेत. मिसळल्यावर मात्र जो ताठ, कडक पदार्थ तयार होतो, तो टोल्याची ऊर्जा आतल्या आत जिरवत नाही आणि म्हणून घुमत राहतो. शुद्ध तांब्याची घंटा केली तर ती ठोक्यागणिक पोचेल. या कडकपणाची किंमत म्हणजे ठिसूळपणा: घंटेला पोचा पडत नाही, थेट तडा जातो.

मग काशाची ताटे, वाट्या आणि टाळ ठोकून कसे घडवतात, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी तांबट आळीतील एका जुन्या कारागिरांना भेटलो. त्यांचे स्वतःचे काम तांब्याचे. हंडा मठारताना प्रत्येक ठोक्याने तांबे कडक होत जाते आणि एका मर्यादेनंतर ते फाटू लागते, म्हणून मध्ये मध्ये ते लाल तापवून पुन्हा मऊ करावे लागते, असे त्यांनी पत्रा हातात देऊन दाखवले. ठोकलेल्या पट्टीला बोटांनी वाकवताना झगडावे लागत होते. तीच तापवून पाण्यात बुडवून दिली, तेव्हा पाचवीतल्या मुलानेही वाकवली असती. शेवटचे मठारकाम झाल्यावर मात्र भांडे मुद्दाम तापवत नाहीत, कारण तो कडकपणाच हंड्याला आकार टिकवायला हवा असतो.

यावर मुले गोंधळली आणि ते साहजिक होते, कारण विळीच्या पात्याला लोहार ‘पाणी देतो’ तेव्हा तीच कृती करूनही पाते कडक होते. लाल तापलेल्या पोलादातील कार्बन विरघळलेल्या स्थितीत असतो. सावकाश थंड होताना त्याला वेगळे व्हायला सवड मिळते, पाण्यात बुडवल्यावर मिळत नाही आणि लोखंडाची जाळी ताणलेल्या, कडक अवस्थेत अडकते. असे पाते काचेसारखे तुटू नये म्हणून लोहार ते पुन्हा हलके तापवतो; पृष्ठभागाचा रंग फिकट पिवळा दिसला की सुमारे २३० अंश, निळा झाला की सुमारे ३०० अंश. धार हवी तिथे पिवळ्यावर थांबायचे, लवचीकपणा हवा तिथे निळ्यापर्यंत जायचे. शुद्ध तांब्यात अडकवायला कार्बनच नाही. त्याला मऊ करते ते तापवणे, पाण्यात बुडवणे केवळ लवकर थंड करण्यापुरते. काशाची गोष्ट तर उलटीच आहे. सावकाश थंड झालेल्या काशात तांबे-कथलाचे एक ठिसूळ संयुग वेगळे होते. लाल असताना पाण्यात टाकले तर ते तयार होत नाही आणि कांसे त्यामानाने चिवट राहते. म्हणून काशाचे ताट लाल असतानाच ठोकतात आणि मग पाण्यात विझवतात. एकच कृती, पण प्रत्येक धातूत तिचे फळ निराळे. तक्त्यात गुणधर्म केवळ धातूच्या नावापुढे लिहून भागत नाही, तो धातू कोणत्या हातांतून गेला तेही लिहावे लागते, हे आज मुलांना मला वेगळे सांगावे लागले नाही.

१० ऑगस्ट २०२५

१४ जुलैच्या ग्लासांचा निकाल स्पष्ट आहे. तांब्याची तार गुंडाळलेला खिळा साध्या खिळ्याहून जास्त गंजला आणि पाणी विटकरी झाले. जस्त बांधलेल्या खिळ्यावर तांबूस डाग जवळपास नाही, पट्टीवर मात्र पांढरा साका जमला आहे. ओरखडा काढलेल्या दोन पत्र्यांत फरक सर्वांत बोलका आहे. जस्तलेपित पत्र्याच्या ओरखड्यात लोखंड उघडे असूनही ते स्वच्छ राहिले. कथलाच्या पत्र्यावर नेमकी ओरखड्याचीच रेघ गंजून उठली. जस्त लोखंडाहून अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. कथील लोखंडाहून कमी क्रियाशील आहे. लेप अखंड आहे तोवर ते राखण करते, पण फट पडली की लोखंडाच्याच जिवावर उठते. म्हणून छपराला आणि कुंपणाला जस्त, आणि अन्नाच्या डब्याला कथील, कारण जस्त आंबट पदार्थात सहज विरघळते.

एका विद्यार्थ्याचे घर दिंडोरी तालुक्यात आहे. त्यांच्या द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा जस्तलेपित आहेत आणि त्याच बागेत केवडा या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारले जाते. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि साधारण तितकाच चुना लागतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते लोखंडी किंवा जस्तलेपित भांड्यात कालवले तर भांड्याचा धातू द्रावणात जातो आणि तांबे भांड्यावर बसते, म्हणून शेतकरी प्लास्टिकचा ड्रम वापरतात. चुना पुरेसा पडला की नाही, हे पाहायला त्याचे वडील घासलेला विळा मिश्रणात धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळे आहे, चुन्याची निवळी वाढवा. पाते जसेच्या तसे निघाले तर फवारणीला हरकत नाही. क्रियाशीलतेच्या श्रेणीवर मी आजवर फळ्यावर जे काही लिहिले, त्यापेक्षा हा विळा वर्गात जास्त चालेल. तो प्रदर्शनात ठेवायचा, असे ठरले.

१७ ऑगस्ट २०२५

उरलेल्या वस्तू भराभर आटोपल्या. जुनी इस्त्री उघडली: तापणारी पट्टी निकेल आणि क्रोमिअमच्या नायक्रोमची आहे, जिचा विद्युतरोध तांब्याच्या साठपटींहून अधिक असतो आणि जी लाल होऊनही जळत नाही. तापमान सांभाळणारी पट्टी दुहेरी आहे. एक बाजू जास्त प्रसरण पावणाऱ्या धातूची, दुसरी कमी, त्यामुळे तापली की ती वाकते आणि संपर्क तोडते. कमी प्रसरणाच्या बाजूसाठी प्रसिद्ध असलेले इन्व्हार हे ३६ टक्के निकेलचे पोलाद. त्याच्या शोधासाठी गिय्योम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

कुकरच्या झाकणावरील सुरक्षा-झडपेत मात्र दुबळेपणा हाच गुण ठरला आहे. शिट्टी तुंबली किंवा पाणी आटले तर आधी वितळावे, एवढ्यासाठीच काही झडपांत अल्पतापी मिश्रधातू भरलेला असतो. बिस्मथ आणि कथील हे स्वतंत्रपणे २७१ आणि २३२ अंशांना वितळतात, पण ५८ आणि ४२ टक्क्यांच्या प्रमाणात मिसळले की १३८ अंशांना. कुकर साधारण १२० अंशांवर चालतो, हे लक्षात घेतले की अशा मिश्रणांचे महत्त्व कळते.

सराफ बाजारातील ‘९१६’ म्हणजे २२ कॅरेट, हजारांत ९१६ भाग सोने. बाकी तांबे आणि चांदी, दागिना झिजू-वाकू नये म्हणून. ओझरला सुखोई जोडले जातात, त्यामुळे विमानाच्या ॲल्युमिनिअमचा विषय नाशिकमध्ये टाळता येत नाही. ते शुद्ध नसते. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म यांना आढळले की, सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशिअम घातलेले ॲल्युमिनिअम तापवून पाण्यात थंड केल्यावर मऊ असते, पण नुसते ठेवून दिले की काही दिवसांत आपोआप कडक होते. अशा धातूचे रिव्हेट वापरापूर्वी कडक होऊ नयेत म्हणून शीतपेटीत ठेवण्याची पद्धत विमानकामात आहे.

२४ ऑगस्ट २०२५

प्रदर्शनाच्या पाट्यांचा मजकूर नक्की केला. प्रत्येक पाटीवर गुण, दोष आणि जोड अशा तीनच ओळी राहतील. बिडाच्या तव्यावर मुलांचा वाद झाला, कारण त्याला जोडीला दुसरा धातू नाही. बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते कमी तापमानाला वितळते, साच्यात नीट भरते आणि हातातून पडले तर फुटते. गंजावर त्याला तेलाचा जळून बसलेला थर पुरतो. त्या पाटीवर जोडीच्या ओळीत ‘तेल’ असेच लिहायचे ठरले. कल्हईच्या पातेल्याच्या पाटीखाली मात्र एक जादा ओळ घातली आहे: आतून तांबूस रंग दिसू लागला की त्यात आंबट शिजवू नये, आणि रिकामे भांडे आचेवर ठेवू नये, कारण कथील २३२ अंशांनाच पाघळते. इस्त्रीची उघडी पट्टी हाताळायला देण्यापूर्वी तिची वायर कापून टाकायची आहे.